विहारामागची गाडी

टिळकवाडी, बेळगाव
२४ ऑगस्ट

आप्पा,

नमोस्तु लिहायला हवं होतं आणि तुमचं नवं नावही. दोन्ही लिहीत नाही. मुनिदीक्षा घेतली की माणूस कुणाचा बाप राहत नाही, हे मला चार वर्षांत पुष्कळ जणांनी समजावून सांगितलंय. त्यांचं बरोबर असेल. पण कागदावर मला कोण अडवतंय? संघाबरोबर असणाऱ्या सन्मती ब्रह्मचाऱ्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "महाराज घरचं टपाल घेत न्हाईत, आक्का. पाठवायचं तर पाठवा, मी ठेवतो. ऐकतील असं मात्र म्हणत न्हाई." तर ठेवू देत.

मी गाडी घेतली. जर्मन आहे, दोन माणसांची, शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली. नाव लिहीत नाही, सन्मतींच्या पिशवीत असली नावं कशाला. रंग हिरवा, तंबाखूच्या कोवळ्या पानाचा. बेंगळूरहून ट्रकवर चढून आली आणि आमच्या गल्लीत उतरली, तेव्हा समोरच्या वकिलांनी पेपर खाली करून पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

तुम्हाला आठवतं का, की आठवणंही तुम्ही सोडलंय, ठाऊक नाही. निपाणीत कुणी गाडी घेतली की देवळात न्यायच्या आधी आपल्या दारात आणायचे. रायगोंडांनी, म्हणजे तुम्ही, एक चक्कर मारली की गाडी पास. तुम्ही मला शेजारी बसवायचा आणि परत आल्यावर विचारायचा, "आता सांग. कान काय म्हणतोय? पाय काय म्हणतोय? पाठ काय म्हणती?" बाकी काही विचारायचा नाहीत. आज माझ्या गाडीबद्दल तसं विचारणारं कुणी नाही. ओळखीचे लोक वेग विचारतात, कारखान्यातले ॲव्हरेज विचारतात. म्हणून तुम्ही न विचारताच सांगते.

कान. इंजिन पाठीमागं आहे. सहा सिलिंडर, तीन इकडं, तीन तिकडं, आडवे झोपलेले. थंड असताना डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज येतो. उद्यमबागेतल्या माझ्या कारखान्यात फोरमन नागेंद्र कान लावून म्हणाला, "मॅडम, बेरिंग गेलंय बघा. नव्या गाडीला आसं?" म्हटलं, क्लच दाबून बघ. त्यानं दाबला, वाटाणे थांबले. सोडला, पुन्हा सुरू. या जातीच्या गाडीचं ते लक्षणच आहे. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही, रोज सकाळी माझ्याकडं दयेनं बघतो.

पाय. हल्ली या गाड्या आपले आपण गिअर बदलतात. मी हट्टानं हाताच्या गिअरची मागितली, म्हणून वर्षभर थांबावं लागलं. क्लच जड आहे, आपल्या ट्रॅक्टरच्या वळणाचा, आणि पाय अगदी वर आल्यावर पकडतो. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली.

पाठ. पाठीला सगळं कळतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून चाक गेलं तरी कंबरेला कळतं. आत बसायचं म्हणजे आधी पाय, मग डोकं, मग स्वतःला खाली सोडून द्यायचं. तिथून जग वेगळंच दिसतं. ट्रकची चाकं डोळ्यांच्या रेषेत येतात, माणसं उंच होतात, आभाळ वाढतं. काकतीच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. नव्या इंजिनाला पहिले काही हजार किलोमीटर अर्ध्यावरच ठेवायचं असतं, त्यामुळं वेग फार नव्हता. बारीक पाऊस होता. पण थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की मी कुठंच जात नाही, मी एका जागी बसलेय आणि ओला रस्ताच माझ्याखालून सावकाश वाहतोय. घरी आल्यावर किती तरी वेळ मी आतच बसून राहिले होते.

आता मला काय हवंय ते सांगून टाकते. मला तुमच्याकडून एक वाक्य हवंय. आशीर्वाद नको, तो तुम्ही सगळ्यांनाच देता. दीक्षेच्या आधी आठवडाभर तुम्ही मौन धरलंत. मी बेळगावहून धावत आले, तर हातानं "बस" अशी खूण केलीत, आणि तसेच उठून गेलात. माझ्याशी एक शब्द न बोलता. म्हणून मी सोहळ्याला आले नाही, नंतर दर्शनालाही आले नाही. मी रागावलेली आहे आप्पा, अजून.

त्रिशला


निपाणी
८ सप्टेंबर

आप्पा,

पर्युषण संपलं म्हणून आईकडं आले. तिनं दहाही दिवस एकच वेळ जेवून काढले, चतुर्दशीला पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि आज मला म्हणते, तू किती वाळलीस.

गाडी पहिल्यांदाच एवढी लांब आणली. संकेश्वर मागं पडलं आणि तवंदीचा घाट जवळ आला, तशी ढगांची एक पट्टी रस्त्यावरच उतरली. तुम्ही इथं मला गिअर टाकायला शिकवलंत. तेव्हा आपली जीप इथं कण्हत चढायची. या गाडीला घाट आलाय हे कळलंसुद्धा नाही. मीच पाय हलका ठेवला, घाट लवकर संपू नये म्हणून. वळणावर स्टिअरिंग जरा जड होतं, मग बोटांतून खडी कळते, ओल कळते, रस्ता कुठं नवा केलाय आणि कुठं नुसता बुजवलाय तेही कळतं. ढगातून बाहेर आले तेव्हा खाली तंबाखूची शेतं ऊन खात पडलेली होती. एवढं हिरवं बघून मला क्षणभर आपली गाडी दिसेनाशी होईल असं वाटलं.

आईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "किती गं खाली ही. मला आत बसवशील, पण बाहेर कोण काढणार?" तिनं टपावर हात ठेवला. "तुझ्या आप्पांस्नी..." म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "महाराजांस्नी हिरवाच रंग आवडायचा." चार वर्षं झाली तरी तिचीही जीभ अजून अडखळते, हे बघून मला बरं वाटलं.

तुमची बातमी तिच्याकडूनच कळली. दिवाळी झाली की चातुर्मास संपवून संघ धारवाडकडून निघणार, बेळगाव, संकेश्वर, स्तवनिधी असा विहार करत, पायी चालत येणार आणि पुढं दूधगंगा ओलांडून कोल्हापूरकडं जाणार. स्तवनिधीला आई चौका लावणार आहे, महाराजांच्या आहाराचा सगळा स्वयंपाक स्वतः करून. धर्मशाळेची खोलीसुद्धा सांगून ठेवलीय. मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. ती म्हणाली, "गहू निवडायला लागतात की."

तिनं मला सगळी रीत पुन्हा समजावून सांगितली, मी विसरले असेन म्हणून. महाराज दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. निघण्याआधी मनात एक खूण धरतात. दारात जोडपं असावं, किंवा कुणाच्या हातात नारळ असावा, काहीही. कुणाला सांगत नाहीत. ती खूण ज्या दारात दिसेल तिथंच थांबायचं, नाही दिसली तर उपाशी परतायचं. आई गेल्या दोन चातुर्मासांत दोनदा अशी दारात उभी राहिली. दोन्ही वेळा तुम्ही तिच्यासमोरून गेलात आणि शेजारच्या दारात थांबलात.

"त्यात जाणूनबुजून काय नसतंय गं," आई म्हणाली. "विधी मिळाला न्हाई, एवढंच."

मी म्हटलं, "पण मनात काय धरायचं ते त्यांच्याच हातात असतं ना?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. मी असं बोलायला नको होतं, पण मला तेच वाटतं.

तिला एकदा तुमच्या ओंजळीत घास घालायचाय, मला एक वाक्य हवंय. आम्ही दोघी तुमच्या मागं लागलोय असंच समजा.

त्रिशला


टिळकवाडी
१२ ऑक्टोबर

आप्पा,

इंजिन मोकळं झालं. आता त्याला पूर्ण उघडायला हरकत नाही, असं कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला.

रविवारी सकाळी ऊन वर आल्यावर निघाले. यमकनमर्डीच्या पुढं रस्ता सरळ आहे, आणि त्या वेळी पुढंमागं कुणी नव्हतं. तिसरा गिअर. वेग लिहीत नाही, सन्मती काळजी करत बसतील. एरवी मी जिथं पाय उचलते तिथं उचलला नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर गेला, सहा, सात. तोपर्यंत इंजिन नुसतं ओरडत होतं. आठ हजारांच्या पुढं मात्र त्याचा आवाज बारीक व्हायला लागला, एकाच सुरात लागला, आणि त्या सुरात मला काही ऐकूच येईना. सगळं अगदी सावकाश झालं. उसाच्या शेंड्यावर बसलेला एक पक्षी मी नीट पाहिला, त्याची मान वळताना पाहिली. शेजारच्या सीटवर तुम्ही आहात असं वाटलं, आणि मान वळवून खात्री करून घ्यावी असंही वाटलं नाही. मग पाय उचलला. सगळं मिळून काही क्षणच असतील.

नंतर हिडकलच्या पाण्याकाठी थांबले. इंजिन बंद केलं की गाडी गार होता होता टिकटिक करते, गोठ्यातली गाय बसल्यावर हाडं मोडते तशी. पाणी शेतांपर्यंत आलेलं होतं, वारा नव्हता. मला तुमची आठवण आली, ती रागाशिवाय आली, हे लिहून ठेवते. तुम्ही चालताना चार हात पुढचंच बघता, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. मी दोन शेतं पुढचं बघते, तेही त्याचसाठी. आपण दोघं एकच काम करतोय असं मला तिथं बसून वाटलं. घरी आल्यावर हसू आलं.

हसू टिकलं नाही. गाडी धुवायला घेतली, तर पुढच्या बंपरवर, काचेवर, दिव्यांवर चिलटं, पाखरं, एक फुलपाखरू. मी बादली घेऊन एकेक पुसत बसले. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीनं असली गाडी घ्यावी आणि मग ओल्या फडक्यानं पंख सोडवत बसावं. तेव्हापासून तिन्हीसांजेला मी गाडी बाहेर काढत नाही, त्या वेळी पाखरं जास्त असतात. हे व्रत वगैरे नव्हे. धुवायचा कंटाळा आहे, असं मी सगळ्यांना सांगते.

वेगाबद्दल आता एवढंच सांगेन, की त्याच्या पार टोकाशी शांत असतं. तुम्हाला ते कदाचित दुसऱ्या बाजूनं ठाऊक असेल. विचारायला मिळालं असतं तर विचारलं असतं.

त्रिशला


टिळकवाडी
१७ नोव्हेंबर

आप्पा,

तुम्ही बेळगावात होता. दोन दिवस, माझ्या घरापासून फार लांब नाही. मी आले नाही. गर्दीत उभं राहून नमोस्तु म्हणायचं, तुम्ही हात वर करणार, तो हात माझ्या अलीकडच्या बाईलाही आणि पलीकडच्या बाईलाही. त्यापेक्षा कारखाना बरा.

आज सकाळी मात्र काकतीच्या पुढं रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसले होते. सात जण माझ्या समोरून गेले. पाठमोरे झाल्यावर तुम्हाला ओळखलं, डावा खांदा जरा खाली. कुणी मान वर केली नाही. एवढ्या हिरव्या गाडीकडं न बघणारे सात लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

दुपारी सन्मतींचा फोन. संघाच्या मागून दिवे लावून चालणारी जीप बिघडलीय. उसाचा हंगाम, रस्त्याचं काम, पहाटेचं धुकं. "ट्रॉलीवाल्यांस्नी माणसं दिसत न्हाईत, आक्का. कणगल्यापास्नं स्तवनिधीपतोर तरी मागं एक गाडी पायजे. तुमच्या वळखीत कुणाची हाय काय?"

"माझी आहे."

ते म्हणाले, "ती हळू चालती व्हय?"

म्हटलं, चालेल. चालवून कुणी बघितलंय?

त्रिशला


स्तवनिधी, धर्मशाळा
२० नोव्हेंबर

आप्पा,

तुम्ही इथून चार खोल्या सोडून आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. आई बाजूला तांदूळ पाखडतेय. आज काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी गाडीच्या आतून ते कसं होतं ते सांगते.

उजाडल्यावर कणगल्यापाशी तुम्ही निघालात. धुकं एवढं होतं की सातांपैकी शेवटचे तिघेच मला दिसत होते, त्यांत तुम्ही. मी चारी दिवे उघडझाप करत ठेवले. धुक्यात तो केशरी उजेड लागायचा, विझायचा, लागायचा. मागून ट्रॉल्या यायच्या, दिवे बघून हॉर्न द्यायच्या आणि बाजूनं जायच्या. काही ड्रायव्हर एवढी गाडी एवढी हळू का चाललीय म्हणून वाकून बघायचे. मग त्यांना पुढचं दिसायचं आणि हॉर्नवरचा हात निघायचा.

अडचण एकच होती. या गाडीचा पहिला गिअर, पाय न लावताही, तुमच्या चालण्यापेक्षा जोरात जातो. त्याहून हळू जायचं तर क्लच अर्धा दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. मी तेच करत राहिले. खरं तर अंतर ठेवून थांबत थांबत यायला हवं होतं. पण मला अंतर ठेवायचं नव्हतं, चार वर्षांनी मी तुमच्या इतकी जवळ आले होते. काच खाली होती. तुमची मोरपिसांची पिंछी अंगाला घासल्याचा आवाज येत होता. तुमच्या टाचा फुटल्यात. डांबर संपून खडी आली तिथं तुमचं पाऊल जरा वाकडं पडलं, आणि माझा हात आपोआप दरवाजाकडं गेला. एवढ्या सावकाश मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही, आणि एवढ्या जवळून काही पाहिलेलंही नाही. थोड्या वेळानं तर गाडी आहे हेच मी विसरले. धुक्यात आपण सगळेच चाललोय, मीही, असं वाटत होतं.

मग चढ लागला. पाय थरथरायला लागला आणि जळका वास आला. मला वाटलं कुणी तरी पालापाचोळा पेटवलाय.

तुम्ही थांबलात. वळला नाहीत, मान वर केली नाही, चार हातांपुढच्या रस्त्याकडंच बघत होता. आणि म्हणालात, "क्लच जळतोय गं. अर्ध्या पायावर धरू नको. आम्हांस्नी पुढं जाऊ दे, मग ये."

सन्मती थबकले, वाटेत चालताना महाराज बोलत नाहीत. पुढचे महाराजही थांबले असावेत, मला धुक्यात दिसलं नाही. मग तुम्ही चालू लागलात.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. थांबले. तुमच्या पाठी धुक्यात विरघळेपर्यंत थांबले, मग एका दमात पुढं आले, पुन्हा थांबले. स्तवनिधीपर्यंत तशीच आले. वास गेला. मी सगळा वेळ रडत होते, वायपर उगीचच चालू ठेवला होता.

मला माझं वाक्य मिळालं, आप्पा. राग गेला का म्हणाल, तर शोधला, आता फारसा सापडत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. उद्याचा दिवस तिचा आहे, तो तिला मिळू दे. मग सांगेन.

त्रिशला


निपाणी
२१ नोव्हेंबर

आप्पा,

हे पत्र सन्मतींकडं देणार नाही. माझ्याजवळच राहील.

सकाळी आईनं आंघोळ करून विहिरीचं पाणी स्वतः ओढलं, कुणाला शिवू दिलं नाही. तुम्ही मीठ सोडलंय, म्हणून सगळं मिठाशिवाय. भात, मुगाचं वरण, दुधी, फुलके, दूध. खोलीच्या दारात तांदळाची रांगोळी काढली. हातात कलश घेतला, त्यावर नारळ. दुसऱ्या हातात काय धरावं ते तिला ठरवता येईना. लवंगा घेतल्या, ठेवल्या, मग एक पेरू घेतला. "काय धरलं असंल मनात, कुणाला ठावं," म्हणाली. मला मागं उभं केलं. ती हसत होती.

आहाराची वेळ झाली. महाराज एकेक करून बाहेर आले. सहा जण. दारादारातून नमोस्तुचा आवाज उठला, एकेक जण एकेका दारात थांबले. आई तुमच्या खोलीकडं बघत राहिली. सहाही जण जेवून परतले तरी ती कलश धरून उभीच होती. शेवटी मी तिच्या हातातून कलश घेतला.

सन्मती आले. आईकडं न बघता म्हणाले, "महाराजांचा आज उपवास हाय."

"आज? आज काय तिथ हाय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग सांगितलं. काल संध्याकाळी तुम्ही आचार्यांपुढं बसलात आणि वाटेत बोललेलं वाक्य सांगितलंत. आचार्य म्हणाले, संघाच्या काळजीनं बोललात, त्यात एवढा दोष नाही. तुम्ही म्हणालात, "संघाच्या काळजीनं न्हवं. पाय कुणाचा हाय ते मला आधीच कळलंतं. कळूनच बोललो." आणि उपवास तुम्हीच मागून घेतलात. आज पाणीही नाही.

म्हणजे मी जे मिळवलं, ते आईच्या ताटातलं होतं. काल रात्री मी सुखानं झोपले होते आणि ती पहाटे उठून तुमच्यासाठी पाणी ओढत होती. मला तिच्याकडं बघवेना.

"वाटेत काय झालं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, क्लच, वास, चढ. ती रागावेल असं वाटलं होतं. ती दारातच खाली बसली, रांगोळीशेजारी.

"काय म्हणाले ते सांग. त्यांच्या शब्दांत."

मी सांगितलं.

"परत सांग."

परत सांगितलं.

"आवाज कसला हुता? परवचनातला का घरातला?"

"घरातला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला नाही, नुसतीच बसली. तुमच्या खोलीचं दार तिथून दिसतं, ती तिकडं बघत होती. तशीच म्हणाली, "घरातला आवाज ऐकलास. बरं झालं, एकीनं तरी ऐकला."

मग उठली, पान मांडलं आणि मला बसवलं. तुमच्यासाठी केलेलं टाकायचं नसतं. भात, वरण, दुधी, सगळं तिनं तुमच्याच मापानं वाढलं. मी नको म्हणत होते. "जेव. त्यांनी तुझ्यापायी सोडलंय, तुलाच खायला पायजे." मी जेवले. मिठाशिवायचं, प्रत्येक घास. तिनं स्वतः काही खाल्लं नाही, तिचाही आज उपवास. मी जेवत असताना ती माझ्या पानाकडं बघत होती, आणि वरण संपत आलं की वाढत होती.

दुपारी आम्ही निपाणीला घरी आलो. उद्या तुम्ही निपाणीवरून कोगनोळीकडं चालाल, कालच्या आहारानंतर उपाशी पोटानं. जीप अजून दुरुस्त झालेली नाही. सन्मती मला विचारायला आले होते. मी नाही म्हटलं. नागेंद्रला फोन केलाय, तो पहाटे कारखान्याची पिकअप घेऊन येईल आणि संघाच्या मागं राहील. त्याला सांगितलंय, अंतर ठेव, थांबत थांबत ये. आईला मी आतल्या रस्त्यानं, शेताशेतांतून कोगनोळीला नेणार आहे, तुमच्या कानावर इंजिन पडणार नाही असं. गहू, मूग, कलश, सगळं पुढच्या डिकीत बसलं. तिथं पोचले की मी गावाबाहेर थांबेन, दारात आई एकटीच असेल.

नागेंद्र चांगला चालवतो. आणि त्याचा पाय तुम्हाला ओळखता येत नाही.

त्रिशला